अस्थीचे अनुकरण आणि परांचीचा विलय

मोडलेले हाड सांधते ही गोष्ट आपल्या इतकी परिचयाची आहे की तिच्यातील आश्चर्य सहसा ध्यानात येत नाही. खोल जखम भरून आली तरी त्वचेवर व्रण राहतो. हृदयाच्या स्नायूचा मृत भाग तंतुमय ऊतकाने कसाबसा लिंपला जातो. अस्थीची रीत निराळी आहे. भंगस्थानी प्रथम रक्त साकळते. त्या गाठीत तंतू आणि केशवाहिन्या शिरतात. मागाहून कूर्चेचा मऊ सांधा तयार होतो व त्याचे ओबडधोबड अस्थीत रूपांतर होते. आणि अखेरीस काही महिन्यांच्या, प्रसंगी काही वर्षांच्या अवधीत हे कच्चे काम उतरवून त्या जागी मूळच्या घडणीची अस्थी रचली जाते. व्रण न ठेवता पूर्ववत होणारी ऊतके प्रौढ मानवी शरीरात फार थोडी आहेत आणि अस्थीची गणना त्यांत करावी लागते.

या सामर्थ्याला मर्यादा आहे. अपघातात नडगीच्या हाडाचा काही सेंटिमीटर लांबीचा तुकडाच नाहीसा झाला, अर्बुदामुळे जबड्याचा भाग कापून काढावा लागला, किंवा जुनाट जंतुसंसर्गाने मेलेले हाड खरवडून टाकावे लागले, तर उरलेली पोकळी अस्थीने भरत नाही. तिच्यात तंतुमय ऊतक शिरते व दोन्ही टोके एकमेकांपासून कायमची दुरावतात. स्वतः भरून येण्याची सीमा ओलांडलेल्या अशा पोकळीस क्रांतिक पोकळी असे म्हणतात. तिच्यावरचा सर्वमान्य उपाय म्हणजे रुग्णाच्याच कटीच्या हाडाच्या कडेतून तुकडा काढून तो तेथे बसविणे. या तुकड्यात खनिज असते, तंतू असतात, जिवंत कोशिका असतात. त्याच्या तोडीचे कृत्रिम द्रव्य अद्याप कोणी केलेले नाही असे म्हणावयास हरकत नाही. परंतु कटीचे हाड मोजकेच. ते काढण्यासाठी दुसरी जखम करावी लागते, आणि त्या दुसऱ्या जखमेची वेदना पहिलीपेक्षा अधिक काळ टिकल्याची तक्रार करणारे रुग्ण विरळ नाहीत. मृत दात्याची अस्थी वापरावी, तर निर्जंतुक करण्याच्या प्रक्रियेत तिचे पुष्कळसे गुण नष्ट होतात. पोकळी मोठी असली आणि यांपैकी काहीच साधले नाही, तर पाय कापण्यापर्यंत पाळी येते. कृत्रिम अस्थिद्रव्यांच्या संशोधनामागील निकड ही अशी आहे.

या द्रव्यांना आपण प्रस्तुत लेखात परांची म्हणू. गवंडी भिंत उठविताना परांची बांधतो, तीवर उभा राहून काम करतो आणि काम संपताच ती सोडतो. पोकळीत बसविलेल्या सच्छिद्र ठोकळ्याचे कार्य बव्हंशी असेच आहे: कोशिकांना उभे राहावयास जागा द्यावयाची, केशवाहिन्यांना वाट द्यावयाची आणि नवी अस्थी उभी राहिली की नाहीसे व्हावयाचे. भेद एवढाच की येथे परांची सोडावयास बाहेरून कोणी येत नाही. ती स्वतः विरघळली पाहिजे, किंवा जे कारागीर भिंत बांधतात त्यांच्याच सोबत्यांनी ती खाऊन टाकली पाहिजे. आणि तीही भिंतीच्या आधी नव्हे व फार नंतरही नव्हे. गेल्या काही दशकांत अशा द्रव्यांना ‘जैवअनुकारी’ हे विशेषण सरसकट लावण्यात येते. अनुकरण कशाचे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो विचारल्याखेरीज या विषयाचे यशापयश नीट उमगत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम ज्याचे अनुकरण करावयाचे ती वस्तू पाहू. शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येण्याजोगा एक जुना प्रयोग आहे. कोंबडीच्या पायाचे हाड सौम्य अम्लात काही दिवस ठेवले असता त्यातील खनिज विरघळून जाते. हाडाचा आकार तसाच राहतो, परंतु ते रबरासारखे वाकते. उलट दुसरे हाड भट्टीत जाळले तर सेंद्रिय भाग जळून जातो. आकार याही वेळी तसाच राहतो, पण चिमटीत धरताच त्याचा भुगा होतो. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. अस्थीचे बळ खनिज व तंतू या दोहोंच्या संयोगात आहे. आणि हे दोन घटक एकमेकांत इतके सूक्ष्म गुंतले आहेत की एक काढून घेतला तरी दुसरा एकटा संपूर्ण आकार धारण करून राहतो. वजनाने पाहिल्यास अस्थीत साधारण ६० ते ७० टक्के खनिज, २० ते ३० टक्के सेंद्रिय द्रव्य आणि उरलेले पाणी असते. सेंद्रिय द्रव्यापैकी सुमारे नऊ-दशांश भाग कोलॅजेन या एकाच प्रथिनाचा असतो.

कोलॅजेनच्या रेणूची रचना उकलण्याचे श्रेय बऱ्याच अंशी मद्रासकडे जाते. १९५२ मध्ये जे. डी. बर्नाल हे तेथे आले असता कोलॅजेनच्या रचनेचे समाधानकारक प्रतिमान अद्याप कोणी दिलेले नाही, असे त्यांच्याकडून समजल्यावर मद्रास विद्यापीठातील गो. ना. रामचंद्रन यांनी हा प्रश्न हाती घेतला. कांगारूच्या शेपटीतील कंडरेच्या तंतूंची क्ष-किरण छायाचित्रे घेऊन रामचंद्रन व गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ मध्ये तीन साखळ्यांच्या रचनेचे प्रतिमान प्रसिद्ध केले आणि १९५५ मध्ये ते सुधारून तिपेडी मळसूत्राचे रूप पुढे मांडले. साखळीतील दर तिसरे अ‍ॅमिनो अम्ल ग्लायसीन का असते याचे उत्तर त्यातच मिळाले: तीन पेड जेथे एकमेकांस भिडतात तेथे सर्वांत लहान अम्लाखेरीज दुसऱ्यास जागाच नसते. सुमारे ३०० नॅनोमीटर लांब व दीड नॅनोमीटर जाड असे हे रेणू एकमेकांस समांतर, परंतु पायऱ्यापायऱ्यांनी सरकून बसतात. हॉज व पेट्रुस्का यांनी १९६३ मध्ये दाखविल्याप्रमाणे या सरकण्यामुळे तंतुकाच्या आत दर ६७ नॅनोमीटरला सुमारे ४० नॅनोमीटर लांबीची एक फट पडते. अस्थीचे खनिज प्रामुख्याने या फटींत व त्यांच्या आसपास, तंतुकाच्या पोटात वसलेले असते. स्फटिक पत्र्यासारखे, जाडीने अवघे २ ते ५ नॅनोमीटर, आणि त्यांचा अक्ष तंतुकाच्या दिशेशी जुळलेला.

हे खनिज म्हणजे हायड्रॉक्सीअ‍ॅपॅटाइट, असे पाठ्यपुस्तकांत लिहिलेले असते. ते अर्धेच खरे आहे. शुद्ध हायड्रॉक्सीअ‍ॅपॅटाइटमध्ये कॅल्शियम व फॉस्फरस यांच्या अणूंचे प्रमाण १.६७ असते, अस्थीतील खनिजात मात्र फॉस्फेटची जागा पुष्कळ ठिकाणी कार्बोनेटने घेतलेली, कॅल्शियमची जागा कोठे सोडियमने तर कोठे मॅग्नेशियमने घेतलेली असते. वजनाने ४ ते ८ टक्के कार्बोनेट त्यात सापडते. या अशुद्धीमुळे आणि स्फटिकांच्या सूक्ष्मतेमुळे अस्थीचे खनिज शुद्ध अ‍ॅपॅटाइटपेक्षा अधिक विद्राव्य आहे. हा दोष नव्हे. रक्तातील कॅल्शियमची पातळी राखण्यासाठी व जुनी अस्थी काढून नवी घालण्यासाठी शरीराला सहज उचलता येईल असेच खनिज हवे असते.

अनुकरणाचा पहिला मार्ग द्रव्याचा. १८९२ मध्ये जर्मनीत ड्रेसमान यांनी हाडातील पोकळ्या प्लॅस्टर ऑफ पॅरिसने भरून पाहिल्या. प्लॅस्टर म्हणजे कॅल्शियमचे सल्फेट. ते शरीरात निरुपद्रवी असले तरी काही आठवड्यांतच विरघळते आणि नव्या अस्थीला ती गती साधत नाही. १९२० मध्ये अमेरिकेतील आल्बी व मॉरिसन यांनी सशांच्या हाडांत कॅल्शियम फॉस्फेट घालून सांधण्याची क्रिया शीघ्र होते असे वृत्त दिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शुद्ध हायड्रॉक्सीअ‍ॅपॅटाइट सिद्ध करून ते १,००० अंश सेल्सियसच्या वर भाजण्याचे तंत्र हस्तगत झाले आणि त्याचे ठोकळे व दाणे दंतवैद्य व अस्थिशल्यज्ञ वापरू लागले. हे द्रव्य अस्थीच्या सान्निध्यात सुखाने राहते, तिच्याशी जुळते. परंतु भट्टीतून निघताना त्यातील कार्बोनेट निघून गेलेले असते आणि नॅनोमीटरमध्ये मोजावयाच्या पत्र्यांऐवजी मायक्रॉनमध्ये मोजावयाचे कण झालेले असतात. परिणामी ते शरीरात वर्षानुवर्षे जसेच्या तसे पडून राहते. रासायनिक सूत्र जुळले, पण त्या सूत्राचा शरीराला जो उपयोग होता तोच हरवला. परांची उभी राहिली ती कायमचीच.

यावर तोड म्हणून अधिक विद्राव्य असे ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, ज्यात कॅल्शियम-फॉस्फरसचे प्रमाण १.५ असते, ते हायड्रॉक्सीअ‍ॅपॅटाइटमध्ये मिसळून विलयाचा वेग हवा तसा बसविण्याची प्रथा पडली. आज वापरात असलेल्या भरावद्रव्यांपैकी पुष्कळशी या मिश्रजातीची आहेत.

दुसरा मार्ग आकाराचा. अस्थीच्या आतील जाळीदार भागात पोकळ जागा ५० ते ९० टक्क्यांपर्यंत असते. ती जाळी यदृच्छया विणलेली नसते. १८६६ च्या सुमारास झुरिचमध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ मायर यांनी कापलेला मांडीच्या हाडाचा डोका पाहून कुलमान या अभियंत्यास यारीतील प्रतिबलांच्या रेषा आठवल्या, ही कथा प्रसिद्धच आहे. आणि भाराच्या दिशेनुसार अस्थी आपली घडण बदलते हा व्होल्फ यांचा १८९२ मधील सिद्धांत त्याच परंपरेतला. अशी जाळी मनुष्याने कशी विणावी? १९७४ मध्ये पेन्सिल्व्हेनियात रॉय व लिनेहान यांनी ती विणण्याऐवजी उसनी घेतली. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा, एकमेकांस जोडलेल्या समरूप छिद्रांचा असतो. उष्ण व दाबाखालील पाण्यात फॉस्फेटची अदलाबदल घडवून आणली असता आकारास धक्का न लागता त्याचे हायड्रॉक्सीअ‍ॅपॅटाइट होते. इटलीत फाएन्झा येथे टाम्पिएरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच युक्ती वेतावर केली. वेताच्या काडीत पाणी वाहून नेणाऱ्या लांब नळ्या असतात आणि त्यांची मांडणी लांब हाडातील नलिकांशी मिळतीजुळती असते. काडी जाळून तिचा कोळसा करावयाचा, कोळशाचे कॅल्शियम कार्बाइड, त्याचे ऑक्साइड, त्याचे कार्बोनेट आणि शेवटी फॉस्फेट करावयाचे. इतकी स्थित्यंतरे होऊनही वेताच्या नळ्या शाबूत राहतात. ही प्रक्रिया वाचताना आपल्याकडील रसशास्त्रातील पुटांची आठवण होते, एवढेच येथे सांगून पुढे जाऊ.

छिद्रे किती मोठी असावीत याविषयी एकमत बरेच झाले आहे. १९७० मध्ये हुलबर्ट व सहकाऱ्यांनी १०० मायक्रॉन ही किमान मर्यादा सुचविली. केशवाहिन्या चांगल्या शिरावयाच्या तर ३०० मायक्रॉनपेक्षा मोठी छिद्रे बरी, असा निष्कर्ष कारागिऑर्गू व कॅप्लन यांच्या २००५ मधील समालोचनात आहे. त्याहीपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे छिद्रे एकमेकांस रुंद तोंडांनी जोडलेली असली पाहिजेत. बंद छिद्रांची टक्केवारी कितीही मोठी असली तरी ती कोशिकांच्या कामाची नाही.

परंतु छिद्रांची किंमत द्यावी लागते आणि ती थोडी नसते. उघड्या छिद्रांच्या जाळीची दृढता ही तिच्या सापेक्ष घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात असते आणि ठिसूळ द्रव्याचे संपीडन-सामर्थ्य साधारणतः त्याच घनतेच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात घटते, हे गिब्सन व अ‍ॅशबी यांचे सूत्र विद्यार्थ्यांच्या परिचयाचे असेलच. त्याने हिशेब करून पाहावा. पोकळी ८० टक्के म्हणजे सापेक्ष घनता ०.२, तेव्हा दृढता मूळच्या ४ टक्के आणि सामर्थ्य सुमारे ९ टक्के उरते. पोकळी ९० टक्के केली की दृढता एका टक्क्यावर येते. कोशिकांना हवी असलेली मोकळीक आणि पायाला हवा असलेला आधार यांचे हे वैर आहे, आणि कोणत्याही द्रव्याने ते आजवर पूर्णपणे मिटविलेले नाही. २००६ मध्ये बर्कली येथे देव्हिल, साइझ, नल्ला व टॉमसिया यांनी एक सुंदर तोडगा दाखविला. खनिजाचे कण मिसळलेले पाणी एका बाजूने गोठवीत नेले असता बर्फाचे पातळ पत्रे वाढत जातात व कणांना आपल्यामधील फटींत लोटतात. बर्फ उडवून लावून उरलेला सांगाडा भाजला की शिंपल्यातील मोत्याच्या थरासारखी पत्र्यापत्र्यांची रचना मिळते. तितक्याच सच्छिद्र अशा इतर ठोकळ्यांपेक्षा तिचे सामर्थ्य कितीतरी अधिक भरले. तरीही मांडीच्या हाडाचा संपूर्ण भार ती एकटीने पेलील अशी अपेक्षा करू नये. बाहेरून धातूची पट्टी वा आत सळई लागतेच. आणि धातू फार दृढ असला तर निराळेच संकट उभे राहते. घन अस्थीची दृढता १५ ते २० गिगापास्कल, पोलादाची सुमारे २००. सर्व भार पोलादच वाहू लागला की व्होल्फ यांच्या नियमाप्रमाणे बिनकामाची अस्थी झिजू लागते.

या टप्प्यावर एका विसंगतीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. अस्थीशी खरोखर घट्ट जोडले गेलेले पहिले कृत्रिम द्रव्य ना अस्थीच्या रसायनाचे होते, ना तिच्या आकाराचे. ती एक काच होती. १९६७ मध्ये लॅरी हेंच हे फ्लॉरिडातील प्राध्यापक द्रव्यविज्ञानाच्या एका परिषदेस बसने जात असता व्हिएतनामहून नुकतेच परतलेले एक लष्करी अधिकारी त्यांच्या शेजारी बसले होते. मानवी शरीर नाकारणार नाही असे द्रव्य तुम्हास करता येईल काय, असे त्यांनी विचारले. हेंच यांनी वजनाने ४५ टक्के सिलिका, प्रत्येकी २४.५ टक्के सोडियम व कॅल्शियमची ऑक्साइडे आणि ६ टक्के फॉस्फरसचे ऑक्साइड असलेली काच केली. १९६९ मध्ये ती उंदरांच्या मांडीच्या हाडांत बसविण्यात आली. सहा आठवड्यांनी ती उपटून काढता येईना. पुढे तिच्या वर्तनाचा उलगडा झाला तो असा. काचेतील सोडियम द्रवात निघून जातो, पृष्ठावर सिलिकेचा जेलसारखा थर राहतो, त्यावर द्रवातील व काचेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट जमतात व त्यांचे कार्बोनेटयुक्त अ‍ॅपॅटाइट होते. कोलॅजेनचे तंतू त्या वाढत्या थरात अडकतात. म्हणजे काच अस्थीसारखी नव्हती. ती शरीरात गेल्यावर आपल्या अंगावर अस्थीसारखे खनिज घडवून घेत होती. वस्तूचे साम्य दुय्यम आणि क्रियेचे साम्य मुख्य, हा धडा या एका प्रयोगात होता. तो पुढील संशोधकांनी अर्धाच घेतला, असे खेदाने म्हणावे लागते.

अर्धा असे म्हणण्याचे कारण पुढीलप्रमाणे. क्योटो येथील कोकुबो यांनी १९९० च्या सुमारास रक्तद्रवातील आयनांशी मिळतीजुळती प्रमाणे असलेला एक द्राव प्रचारात आणला. ३६.५ अंशांवर ठेवलेल्या या द्रावात द्रव्य बुडवावे. काही दिवसांत त्यावर अ‍ॅपॅटाइटचा थर आला तर ते द्रव्य अस्थीशी जोडले जाण्याची शक्यता आहे असे समजावे. चाचणी स्वस्त, सुटसुटीत आणि प्राण्यांचा जीव वाचविणारी. तिचा प्रसार झपाट्याने झाला यात नवल नाही. परंतु चाचणीचे हळूहळू प्रमाणपत्र बनले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फुलकोबीच्या गड्ड्यासारखे थर दाखविणारे चित्र असले की लेखाच्या शेवटी द्रव्य ‘अस्थिपुनर्जननास योग्य’ ठरते. बोनर व लमेत्र यांनी २००९ मध्ये या चाचणीची कठोर चिकित्सा केली. त्यांचे दोन आक्षेप कोणत्याही विद्यार्थ्यास सहज समजावेत असे आहेत. हा द्राव मुळातच अतिसंपृक्त असल्याने त्यात थर येणे ही पुष्कळशी भौतिक रसायनाची घटना आहे. आणि रक्तातील जी प्रथिने असा थर येऊ देत नाहीत ती त्यात नाहीतच. उलट ट्रायकॅल्शियम फॉस्फेटवर या द्रावात पुष्कळदा थर येत नाही, तरी प्राण्याच्या शरीरात ते अस्थीशी उत्तम जुळते. खरे नापास आणि खोटे पास अशी ही परीक्षा असू शकते.

रक्त कॅल्शियम फॉस्फेटच्या दृष्टीने अतिसंपृक्त असूनही आपल्या धमन्यांत व कंडरांत दगड का होत नाहीत, हा प्रश्नच अधिक फलदायी ठरला. त्याचे उत्तर असे की शरीर खनिजाला पदोपदी रोखून धरते आणि योग्य जागीच मोकळे करते. रोखणारी प्रथिने अम्लधर्मी, ऋणभारित असतात. फ्लॉरिडातच लॉरी गाउअर यांनी अशा प्रथिनांच्या जागी पॉलिअ‍ॅस्पार्टिक अम्ल हे साधे बहुवारिक वापरून पाहिले. त्यामुळे खनिज स्फटिक न होता द्रवासारख्या अस्फटिकी अवस्थेत टिकते आणि कोलॅजेनच्या तंतुकात शोषले जाऊन आत गेल्यावर स्फटिकरूप घेते, तेही तंतुकाच्या दिशेस धरून. २०१० मध्ये आइंडहोव्हन येथील नुडेलमान, सोमरडाइक व सहकाऱ्यांनी गोठविलेल्या नमुन्यांवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने हे अस्फटिकी खनिज फटीच्या कडेपाशी तंतुकात शिरताना पाहिले, आणि त्या जागी धनभार एकवटलेला असतो असे दाखविले. येथे कोलॅजेन निष्क्रिय साचा राहत नाही. खनिजाला आत ओढून घेणारा भागीदार होतो. अनुकरणाचा हा तिसरा मार्ग, घडण्याच्या क्रियेचा. वर सांगितलेला अम्लाचा व अग्नीचा प्रयोग लागू पडेल असे कृत्रिम द्रव्य या मार्गानेच संभवते, कारण खनिज तंतुकाबाहेर लिंपलेले असेल तर अम्ल काय आणि अग्नी काय, दोन्ही प्रसंगी आकार कोसळेल.

घडण जमली तरी कारागीर कोठून आणावयाचे? लॉस एंजेलिस येथील अस्थिशल्यज्ञ मार्शल यूरिस्ट यांनी १९६५ मध्ये खनिज काढून टाकलेली अस्थी सशाच्या स्नायूत पुरली आणि जेथे अस्थीचा काही संबंध नाही अशा त्या जागी नवी अस्थी उगवली. तंतूंत दडलेले प्रथिनच आसपासच्या कोशिकांना अस्थिजनक होण्याचा आदेश देत होते. १९८८ मध्ये या प्रथिनांची जनुके वेगळी करण्यात आली आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कोलॅजेनच्या स्पंजात भिजविलेले असे एक प्रथिन कटिभागातील मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मान्य केले. पुढचा इतिहास उद्बोधक आहे. शरीर हे प्रथिन अत्यल्प मात्रेत, अस्थीच्या तंतूंना बांधून, हळूहळू सोडते. स्पंज मात्र मिलिग्रॅमांत मोजावी लागणारी मात्रा थोड्या दिवसांत सोडून मोकळा होतो. मानेच्या मणक्यांत त्याचा वापर झाल्यावर घसा सुजून श्वास कोंडण्याचे प्रसंग आल्याने २००८ मध्ये प्रशासनास इशारा द्यावा लागला. मूळच्या चाचण्यांत उपद्रव फार कमी नोंदले गेले होते, असे २०११ मध्ये एका शल्यपत्रिकेने सविस्तर दाखवून दिले. आदेश खरा होता. तो धरून ठेवणारी व मापाने देणारी परांची नव्हती.

आता वेळेचा प्रश्न. तोच आमच्या मते सर्वांत अवघड आहे आणि प्रसिद्ध होणाऱ्या निबंधांत त्यालाच सर्वांत थोडी जागा मिळते. पॉलिलॅक्टिक व पॉलिग्लायकॉलिक अम्लांची बहुवारिके पाण्याने तुटतात व त्यांच्या तुटण्यातून अम्ल निघते. जाड ठोकळ्यात ते अम्ल बाहेर पडू न शकल्याने आत साठते आणि तुटणे आणखी वेगाने होते. बाहेरून धडधाकट दिसणारा ठोकळा आतून पोकळ होत जातो व एके दिवशी एकदम ढासळतो. खनिज द्रव्यांची गोष्ट याच्या विरुद्ध आहे. २००१ मध्ये इटलीतील क्वार्तो व सहकाऱ्यांनी सच्छिद्र हायड्रॉक्सीअ‍ॅपॅटाइटच्या ठोकळ्यांवर रुग्णांच्याच मज्जेतील कोशिका वाढवून त्यांनी लांब हाडांतील मोठ्या पोकळ्या भरल्या. रुग्ण चालू लागले, ठोकळे दोन्ही टोकांशी जुळले, सहा-सात वर्षांनंतरही ते मोडले नव्हते. हे यश निःसंशय मोठे होते. परंतु २००७ च्या वृत्तानुसार ठोकळ्यांचा विलय मात्र झालेला नव्हता. अस्थी परांचीतून वाढली, परांची तिच्यातच राहिली. हाडाच्या नित्य डागडुजीत अस्थिभक्षक कोशिका पृष्ठाला चिकटून, कडा बंद करून, अम्ल सोडून खनिज विरघळवितात व मागोमाग येणाऱ्या अस्थिजनक कोशिका तो खड्डा भरतात. जे द्रव्य या भक्षकांना खाता येत नाही त्यात ही डागडुजी कधीच पोचत नाही, आणि सूक्ष्म तडे दुरुस्त न होता साचत जातात.

आणि कोशिका जगावयाच्या तर रक्त हवे. केशवाहिनीपासून १०० ते २०० मायक्रॉनच्या पलीकडे कोशिका फार काळ तग धरीत नाही. २००४ मध्ये कील येथे वार्नके व सहकाऱ्यांनी जबडा गमावलेल्या एका रुग्णासाठी टायटॅनियमच्या जाळीत अस्थिखनिजाचे ठोकळे, अस्थिजनक प्रथिन व मज्जा भरून ती जाळी आधी त्याच्या पाठीच्या स्नायूत काही आठवडे पुरून ठेवली. तेथे तिला रक्तवाहिन्या लाभल्यावरच ती जबड्याच्या जागी नेली. उपाय कष्टाचा खरा, परंतु अडचण नेमकी कोठे आहे हे त्यांनी ओळखले होते.

या सर्व प्रपंचाशेजारी सायबीरियातील कुर्गान येथे १९५१ पासून इलिझारोव्ह यांनी विकसित केलेली पद्धत ठेवून पाहावी. निरोगी भागात हाड काळजीपूर्वक कापावयाचे, काही दिवस थांबावयाचे आणि बाहेरील कड्यांच्या चौकटीने दोन टोके रोज एक मिलिमीटर, तेही पाव पाव मिलिमीटरने चार वेळा, दूर सारावयाची. मधल्या जागेत ताणाच्या दिशेने तंतू, वाहिन्या व अस्थी वाढत जातात. त्यांत ना खनिजाचा ठोकळा, ना प्रथिन, ना बाहेरून आणलेली कोशिका. भारतातही ही पद्धत अस्थिशल्यज्ञ वापरतात. तिची किंमत रुग्णाचा काळ आहे: दर सेंटिमीटरास साधारण एक ते दीड महिना लोखंडी कडी पायात वागवावी लागतात, तारांच्या जागी जंतुसंसर्ग होतो, रोजगार बुडतो. कृत्रिम परांचीने ज्या प्रतिस्पर्ध्याला मागे टाकावयाचे तो हा आहे. अनेक निबंधांतील तुलना मात्र रिकाम्या पोकळीशी केलेली असते.

प्राण्यांवरील प्रयोगांतही अशीच एक मेख आहे. उंदराच्या मांडीच्या हाडात सुमारे ५ मिलिमीटरची पोकळी क्रांतिक ठरते, मनुष्याच्या नडगीत तीच काही सेंटिमीटरची असते. हाडाचे माप दसपटीच्या घरात वाढते. परंतु कोशिका, केशवाहिनी व प्राणवायू पोचण्याचे अंतर दोहोंत एकच असते. उंदरातील ठोकळ्याच्या मध्यापर्यंत वाहिन्यांना अडीच मिलिमीटर चालावयाचे असते, मनुष्यात दोन-तीन सेंटिमीटर, आणि त्यांची चाल त्या प्रमाणात वाढत नाही. उंदरात यशस्वी ठरलेला ठोकळा मेंढीच्या नडगीत बसविला असता पुष्कळदा कडेला अस्थी आणि मध्यभागी तंतूंचा मृत गाभा असे चित्र दिसते, त्याचे कारण हे.